ओलं जास्त, सुकं कमी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी येई, दीड मिनिट थांबे आणि निघून जाई. तेवढ्या वेळात जागं होणं, चष्मा शोधणं, स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली उचलणं, कडी काढणं आणि गाडीपर्यंत पोचणं ही पाच कामं एक्स-रेवाल्यांना जमत नसत. चार जमत. एक कुठलं तरी राहून जाई, बहुतेक वेळा पहिलंच.

एक्स-रेवाले म्हणजे मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढणारे गृहस्थ. गेली बावीस वर्षं ते अंगावर शिशाचा जड एप्रन घालून लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" असं सांगत होते, आणि आपल्याला मात्र श्वास घ्यायलाही फुरसत नाही अशी त्यांची तक्रार होती. बायको वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसे आणि उरलेल्या वेळात सगळं घर चालवी. घरातलं एकच काम एक्स-रेवाल्यांच्या वाट्याला आलं होतं, ते म्हणजे कचरा.

त्या गुरुवारी ते गाडीमागे तिसऱ्या वळणापर्यंत धावले. गाडीवाल्याने आरशातून त्यांना पाहिलं, हात हलवला आणि वेग वाढवला. नंतर कळलं की त्याला ते रोज सकाळी व्यायामाला निघतात असं वाटत होतं.

भरलेली बादली घेऊन एक्स-रेवाले परत आले. दारात बायको उभी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाची स्वतःची तक्रार करायची रीत वेगळी असते. तिने आधी बादलीकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे, आणि शांतपणे म्हणाली, "डावी चप्पल माझी आहे. मला ऑफिसला जायचंय."

त्याच दुपारी इस्पितळात, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, त्यांच्या हाती एक जुनं मासिक लागलं. त्यात 'घरच्या घरी खत' असा लेख होता. एक फुटकी बादली, थोडी वाळलेली पानं, रोजची भाजीची सालं. खर्च नाही, कष्ट नाहीत. लेखाचं शेवटचं वाक्य एक्स-रेवाल्यांनी दोनदा वाचलं. 'बाकीचं काम निसर्ग करतो, आपण फक्त वाट पाहायची.' इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांना झेपेल असं काम सांगितलं होतं. त्यांनी ते पान हळूच फाडलं आणि खिशात घातलं.

रविवारी त्यांनी कान तुटलेली एक प्लॅस्टिकची बादली शोधून काढली. स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवून तिला खाली आणि बाजूंनी भोकं पाडली. मागच्या अंगणात दोन विटांवर ती ठेवली. तळाला अंगणातल्या बदामाच्या झाडाची वाळकी पानं, त्यावर सालं, परत पानं.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काही नाही. वाट पाहायची."

"ते तुम्हाला जमेल," बायको म्हणाली.

पुढचे दहा दिवस सुखाचे गेले. सहा दहाला गाडी येई आणि जाई. एक्स-रेवाले कूस बदलत. अकराव्या दिवशी बायकोने मागचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

"अहो, तुमच्या निसर्गाला वास येतोय."

वास साधा नव्हता. त्याला वजन होतं. एक्स-रेवाल्यांनी नाकाला रुमाल लावून झाकण काढलं तर आत काळपट लगदा झाला होता आणि चिलटांचा ढग त्यांच्या चष्म्यावर आदळला. त्यांनी रोपवाटिकेवाल्याला फोन लावला. हा माणूस झाडं विकता विकता सल्ला फुकट देत असे, आणि सल्ला नेहमी दोन वाक्यांत संपवत असे.

"ओलं जास्त झालंय. सुकं घाला."

"किती?"

"एकास तीन. सालं एक वाटी, तर पानं तीन वाट्या."

अंगणातली पानं केव्हाच संपली होती. बदामाचं झाड पानं गाळतं, पण मागणीप्रमाणे गाळत नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाले मुद्दाम लवकर उठून रस्ता झाडणाऱ्या मावशींकडे गेले. अपुरी झोप, कपाळाला आठी, आवाज खोल गेलेला.

"मावशी, जरा वाळलेली पानं मिळतील का? फार नकोत."

मावशी झाडू तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी पाला मागितला नव्हता. पाला का उचलला नाही, एवढंच लोक विचारत.

"मिळेल की," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका जीवाला लावून घेऊ. मी आणते."

दुपारी बायकोचा इस्पितळात फोन आला. "दारात अकरा पोती आहेत. मला आत जाता येत नाहीये."

अकरा पोती पाला बादलीत मावत नाही, म्हणून एक जुना पिंप आणला. पिंपात मावेना, म्हणून मागच्या भिंतीलगत सुट्या विटा रचून कमरेएवढा हौद केला. त्यासाठी कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागली आणि ओले कपडे बैठकीच्या खोलीत आले. एवढं सगळं करून बादलीतला लगदा पाल्यात घातला, तर तो समुद्रात चिमूटभर मीठ टाकावं तसा नाहीसा झाला. तीन आठवडे ढीग नुसता पडून राहिला. पानावरची शीरही हलली नाही.

"सुकं जास्त झालंय," रोपवाटिकेवाला म्हणाला. "ओलं घाला."

दोन माणसांच्या घरात ओलं निघून निघून किती निघणार? एक्स-रेवाले संध्याकाळी समोरच्या शिवणक्लासच्या बाईंकडे गेले. दारात उभं राहून, एप्रनने दुखावलेले खांदे पाडून, ते म्हणाले, "तुमच्याकडची भाजीची सालं टाकू नका. मला द्याल का?"

बाईंनी मशीन थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की एक्स-रेवाल्यांना उगाचच अवघडल्यासारखं झालं. "देईन हो," त्या हळुवार आवाजात म्हणाल्या. "आणि बाकीच्यांनाही सांगते. तुम्ही एकटे नाही आहात."

आठवड्याभरात नऊ घरं सालं आणून देऊ लागली. सगळ्यांना कामावर जायचं असल्यामुळे घंटी पावणेसहापासून वाजे. सहा दहाच्या गाडीला चुकवण्यासाठी जे सुरू केलं, त्याच्यासाठी एक्स-रेवाले आता साडेपाचला उठू लागले. ओलं वाढलं की मावशी पाला वाढवत आणि पाला वाढला की बाई सालं वाढवत. ढीग काही कुणाचं ऐकत नव्हता.

या सगळ्यांत पोस्टमास्तरांची तऱ्हा वेगळी. गल्लीच्या टोकाला एकटेच राहणारे हे निवृत्त पोस्टमास्तर सगळ्यांच्या आधी येत. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा! एक केळ्याचं साल, एका अंड्याचं कवच आणि चहाचा चोथा. पण प्रत्येक जिन्नस वर्तमानपत्राच्या वेगळ्या पुडीत बांधलेला, आणि पुडीवर निळ्या शाईत लिहिलेलं: 'कवच. मंगळवार.' चाळीस वर्षं टपालाची वर्गवारी केलेला हात, तो काही गप्प बसत नव्हता. आपल्या पुड्या देऊन झाल्या की ते दुसऱ्यांच्या पिशव्या तपासत.

"ही बघा, शिवणक्लासची पिशवी. यात कातरणं आहेत. टेरिकॉट! हे दोनशे वर्षं कुजणार नाही. परत पाठवा."

"असू द्या हो, मी काढून टाकेन."

"असं कसं? नियम म्हणजे नियम." आणि ते पिशवीवर 'अपात्र' असं लिहून ती स्वतः समोरच्या दाराशी ठेवून येत. बाई ती बघत, कातरणं काढत आणि दिलगिरी म्हणून दुप्पट सालं पाठवत.

एक्स-रेवाल्यांनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "मावशी, थोडा कमी आणलात तरी चालेल," असं त्यांनी एकदा धीर करून म्हटलं. मावशींचे डोळे भरून आले. "तुम्ही संकोच करू नका हो. मला काही त्रास नाही." दुसऱ्या दिवशी दोन पोती जास्त आली.

शिवाय ढीग दर आठवड्याला वरखाली करायला हवा, त्याला हवा लागायला हवी, हे रोपवाटिकेवाल्याने उशिरा सांगितलं. तिसऱ्यांदा फावडं मारताना एक्स-रेवाल्यांच्या पाठीत उसण भरली. ते वाकलेल्या स्थितीतच कामावर गेले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मशीनच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले.

"श्वास घ्या," त्यांचा हाताखालचा म्हणाला. "धरून ठेवा. सोडा. काही जड उचललंत का, सर?"

"पाला."

"पाला हलका असतो, सर."



मग ती थंड सकाळ उजाडली. पावणेसहाला पोस्टमास्तर मागच्या बोळातून पुड्या घेऊन आले तेव्हा त्यांना भिंतीवरून पांढरा धूर वर चढताना दिसला. ते टाचा उंचावून आत डोकावले. ढिगातून धूर निघत होता. त्यांनी भिंतीवरून काठी आत खुपसली, बाहेर काढली आणि टोकाला हात लावला. टोक गरम होतं. पुढच्या क्षणी त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला होता.

एक्स-रेवाल्यांना पाठीला शेक देता देता डोळा लागला होता. त्यांना जाग आली ती बंबाच्या घंटेने. बंब गल्लीत शिरत नव्हता, म्हणून जवानांनी पाइप पुढच्या दारातून आत घेतला. बैठकीच्या खोलीत तो वाळत घातलेल्या चादरींत अडकला, तिथून सुटून स्वयंपाकघरात गेला आणि मागच्या दारातून अंगणात पोचला.

"थांबा! अहो थांबा!" एक्स-रेवाले कमरेवर हात ठेवून मागे धावले. "ती आग नाही! वाफ आहे ती!"

"तुम्ही बाजूला व्हा, काका. घाबरू नका."

पाइप चार मिनिटं चालला. ढीग आधी फुगला, मग कलला आणि सुट्या विटांचा हौद सावकाश, काही घाई नसल्यासारखा, उघडला. कडक चहाच्या रंगाचं पाणी अंगणाच्या दारातून निघालं, बोळातून वळलं आणि उतारावरून शिवणक्लासच्या पायरीशी जाऊन थांबलं. त्याच्यावर तरंगत एक पुडी गेली: 'चोथा. शुक्रवार.'

दलाच्या अधिकाऱ्याने उरलेल्या ढिगात हात घातला. "यात आग नाही. नुसती ऊब आहे."

"खत होताना येते ती," एक्स-रेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात रागही उरला नव्हता.

अधिकाऱ्याने फॉर्म काढला. "कारण काय लिहू?"

"किरकोळ लिहा," बायको दारातून म्हणाली. "किरकोळ लिहिलं की पुढं कुणी वाचत नाही. मी रोज तेच लिहिते."

पोस्टमास्तर कोपऱ्यात उभे होते. छातीशी दोन पुड्या धरलेल्या. "मला वाटलं, तुम्ही झोपेत आहात," ते म्हणाले. "मला वाटलं, उशीर व्हायला नको." एक्स-रेवाले त्यांना चार शब्द सुनावणार होते, पण त्यांनी त्या हातांकडे पाहिलं. पुड्या अजून घट्ट धरलेल्या होत्या. ते नुसतं "असू द्या" म्हणाले.

दुपारी त्यांनी सवयीने रोपवाटिकेवाल्याला फोन लावला, पलीकडून "ओलं..." एवढं ऐकलं आणि ठेवून दिला. त्याच क्षणी त्यांनी ठरवलं. बास. हे बंद. रविवारी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगायचं.

तीन दिवस त्यांनी भाषणाचा सराव केला. इस्पितळात मशीनसमोर उभं राहून ते पुटपुटत, "तुमच्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे, परंतु..." 'परंतु'च्या पुढे गाडी अडे. आतापर्यंत जिवाभावाने पिशव्या आणणाऱ्या माणसांच्या तोंडावर नाही म्हणायचं, हे काही त्यांना जमेना. काय वाटेल त्या मावशींना? काय वाटेल बाईंना?

"तुम्हाला जमणार नसेल तर मी सांगते," बायको म्हणाली.

"नको. मी सुरू केलंय, मीच मिटवतो."

रविवारी पाच वाजता नऊही घरची माणसं शिवणक्लासच्या खोलीत जमली. मशीनं भिंतीला सरकवली होती. मावशी दाराशी उभ्या होत्या, पोस्टमास्तर पहिल्या खुर्चीवर. सगळे गंभीर. एक्स-रेवाले उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तुमच्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे, परंतु..."

"एक मिनिट," शिवणक्लासच्या बाई उठल्या. "तुम्ही बोलायच्या आधी आम्हालाच काही सांगायचंय. पण आधी वचन द्या, मनाला लावून घेणार नाही."

एक्स-रेवाले उभेच राहिले.

"आम्हाला आता झेपत नाही हो," बाई म्हणाल्या आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "तीन महिने आमच्याकडे रोज दुधी चाललाय. त्याला साल जास्त निघतं म्हणून. घरातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. पण तुम्हाला कमी पडू नये म्हणून..."

"मी तीन गल्ल्यांचा पाला आणत होते," मावशी दारातून म्हणाल्या. "आपल्या गल्लीत एवढा पडतो कुठं? मान गेली माझी. पण यांचं मन कसं मोडायचं?"

"आम्ही फळं विकत आणायचो," मागून कुणीतरी म्हणालं.

"पण... कशासाठी?" एक्स-रेवाल्यांना नीट शब्द सुचेना. "मी तर फक्त..."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "तुम्ही त्या दिवशी दारात आलात ना, सालं मागायला? तुमचा चेहरा! आयुष्यात सगळं संपलं आणि एवढाच एक आधार उरला, असं वाटत होतं हो. मीच सगळ्यांना सांगितलं, माणूस कशाने तरी खचलाय, त्याला जपायला पाहिजे. नदीत उडी मारायच्या आधी... नाही, तसं नाही, पण काळजीच वाटायची."

"माझा चेहरा असाच आहे," एक्स-रेवाले म्हणाले.

लोकांना ते फारच करुण वाटलं. एक म्हातारे गृहस्थ तर उठून त्यांच्याजवळ आले आणि त्यांचा हात दाबून परत बसले.

खरं तर एक्स-रेवाल्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. हवं होतं ते सगळं न मागता मिळालं होतं. तरी आत कुठेतरी त्यांना टोचू लागलं. म्हणजे हे सगळे तीन महिने आपली कीव करत होते? साडेपाचला उठून, पाठ मोडून घेऊन, लोकांचं मन राखलं ते आपण! त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, धरून ठेवला आणि सोडला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी समजू शकतो."

"आणि तुम्ही काय सांगणार होता?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आभारच मानायचे होते."

हे ऐकून मागे बसलेल्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. तिचे खांदे हलत होते. शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नका. होईल सगळं ठीक."

घरी आल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसली. बायको हसून हसून दमली होती. ढीग बसून पार गुडघ्याएवढा झाला होता. अंगणाला पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येत होता. एक्स-रेवाल्यांनी मूठभर खत उचललं. काळं, भुसभुशीत, बोटांना न चिकटणारं.

"झालंय वाटतं," ते म्हणाले.

"उद्या उठू नका," बायको म्हणाली. "नऊपर्यंत झोपा."

तेवढ्यात भिंतीमागे काठी वाजली. पोस्टमास्तर बोळातून आत आले.

"त्यांचं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "माणसं आरंभशूर असतात. पण मी आहे. मी येत जाईन रोज. एकटं वाटायला नको."

एक्स-रेवाल्यांनी तोंड उघडलं. 'परंतु' अगदी ओठांवर आलं. त्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा, खिशात निळ्या शाईचं पेन, आणि उद्याच्या एका केळ्याच्या सालासाठी आजच चौकोनी कापून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद. त्यांनी तोंड मिटलं.

"या की," बायकोच म्हणाली. "सहाला या. चहा आमच्याकडेच घ्या."

पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला. ते दोन पावलं गेले आणि परत वळले.

"साडेपाचला आलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "मी तसा जागाच असतो."